आपली गल्ली नकाशावर आहे का?



आज आपण नकाशाबद्दल बोलणार आहोत. नकाशा म्हटलं की पुष्कळ जणी म्हणतात, "ते तलाठ्याचं काम, ते इंजिनियरचं काम. आपल्याला त्यातलं काय कळतं?" आम्हीही असंच म्हणायचो. पण एका पावसाळी रात्रीनं आम्हाला शहाणं केलं. ती गोष्ट आधी सांगतो.

आमचं पिपरी मेघे वर्धा शहराला अगदी लागून आहे. जुनं गाव एकीकडे आणि वावरं मोडून पडलेले ले-आऊट दुसरीकडे. दर वर्षी नवी घरं उभी राहतात, नव्या गल्ल्या पडतात. अशाच एका गल्लीत आमच्या गटातल्या ताईच्या सुनेला रात्री कळा सुरू झाल्या. बाहेर मुसळधार पाऊस. रुग्णवाहिका बोलावली. तिकडून विचारलं, "पत्ता सांगा." ताईंनी सांगितलं, "टाकीच्या पुढं, किराणा दुकानाच्या मागच्या गल्लीत, पिंपळाजवळचं घर." आता किराणा दुकानं चार आणि पिंपळ दोन. गाडीवाले दादा फोनमधला नकाशा पाहत निघाले. नकाशानं दाखवलेला रस्ता जवळचा होता, पण त्यावर मांडीभर पाणी होतं. गाडी मागं फिरवून दुसऱ्या बाजूनं येईपर्यंत पाऊण तास गेला. देवाची कृपा म्हणून बाळ-बाळंतीण सुखरूप राहिले.

नंतर गटाच्या बैठकीत हाच विषय निघाला. चूक कोणाची? दादांची नाही, ताईंचीही नाही. फोनमधल्या नकाशात रस्ता होता, पण तो पावसात बंद होतो हे त्या नकाशाला माहीत नव्हतं. आमच्या गल्लीतल्या प्रत्येक बाईला मात्र ते पाठ होतं. पाणी कुठून शिरतं, कुठं साचतं, कोणत्या बाजूनं निघून जाता येतं, हे सगळं आमच्या डोक्यात होतं, पण ज्याला त्या रात्री हवं होतं त्याच्यापर्यंत ते पोहोचलं नव्हतं.

आजचं बोलणं एवढ्यासाठीच आहे. ठिकाणाची माहिती एका जागी कुलपात राहिली तर ती संकटात कामी येत नाही. ती सगळ्यांसाठी खुली असावी लागते, आणि ती पुरी करायला आपलाही हात लागतो.

ठिकाणाची माहिती म्हणजे काय?

सोपं आहे. कोणतीही गोष्ट "काय आहे" आणि "नेमकी कुठं आहे" हे दोन्ही सांगणारी माहिती. विहीर आहे, ही झाली माहिती. विहीर कोणत्या गट नंबरात, रस्त्यापासून किती अंतरावर, हे कळलं की ती ठिकाणाची माहिती झाली. तलाठ्याचा गावनकाशा, उपग्रहानं काढलेले फोटो, ड्रोननं केलेली गावठाणाची मोजणी, मंडळातला पाऊस, नदीच्या पाण्याची पातळी, हे सगळं यातच येतं.

"नेमकं कुठं" हे सांगायला जगभर एकच रीत आहे. पृथ्वीवर मनानं आडव्या-उभ्या रेघा मारल्या आहेत, जशा आपण रांगोळीचे ठिपके मांडतो. आडव्या रेघांना अक्षांश आणि उभ्या रेघांना रेखांश म्हणतात. आपला वर्धा परिसर साधारण २०.७ उत्तर अक्षांश आणि ७८.६ पूर्व रेखांश यांच्या आसपास येतो. हे आकडे दशांश चिन्हापुढं चार घरं लिहिले, तर सुमारे ११ मीटरपर्यंत नेमकी जागा कळते. म्हणजे एखादं घर, एखादा हातपंप. तुमच्या फोनमध्ये हे आकडे मिळतात. व्हॉट्सअॅपवर "लोकेशन" पाठवता ना, तेव्हा हेच आकडे जात असतात.

आणि खुली माहिती म्हणजे काय? गटाचं पासबुक कपाटात असतं, ती झाली बंद माहिती. बैठकीत खजिनदार ताई हिशोब मोठ्यानं वाचून दाखवते, ज्या सदस्येला हवा तिला पाहू देते, चूक निघाली तर दुरुस्त करते, ती झाली खुली. खुल्या नकाशाचंही तसंच. कोणीही पाहावा, कोणीही वापरावा, चूक असेल तर सुधारावी, आणि त्यासाठी पैसे मोजावे लागू नयेत.

नकाशा आधी कोणाचा होता?

एक गोष्ट आपल्याच जिल्ह्यातली आहे, पण फार जणींना ती माहीत नाही. सगळ्या हिंदुस्थानची काटेकोर मोजणी इंग्रजांच्या काळात १८०२ मध्ये मद्रासजवळून सुरू झाली. ती सुरू करणारा अधिकारी होता विल्यम लॅम्बटन. वीस वर्षं तो मोजत मोजत उत्तरेकडे सरकत राहिला आणि जानेवारी १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर हिंगणघाटलाच आहे. देश मोजणारा माणूस आपल्या वर्धा जिल्ह्याच्या मातीत झोपला आहे.

पण ती मोजणी कोणासाठी होती? राज्यकर्त्यांसाठी. फौज कुठून न्यायची, सारा किती घ्यायचा, यासाठी. स्वातंत्र्यानंतरही बारीक नकाशे सामान्य माणसाला सहज मिळत नव्हते, परवानग्या लागत. आपल्या देशाचा सर्वेक्षण विभाग १७६७ पासूनचा, पण भारतीय संस्थांना आणि कंपन्यांना नकाशे तयार करणं, वापरणं, वाटणं मोकळं झालं ते १५ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनी. त्यानंतर डिसेंबर २०२२ मध्ये याबद्दलचं राष्ट्रीय धोरण आलं. लोकांच्या पैशातून गोळा झालेली ठिकाणाची माहिती लोकांच्या कामी यावी, असा त्याचा रोख आहे.

म्हणजे दार उघडलं आहे. आत जायचं की नाही, हे आपल्यावर आहे.

नकाशा जीव वाचवतो तो कसा?

तायांनो, आता थोडं जड बोलायचं आहे. विदर्भातल्या जुन्या बायांना मोवाड हे नाव सांगावं लागत नाही. नागपूर जिल्ह्यातल्या नरखेड तालुक्यातलं, वर्धा नदीच्या काठचं हे गाव. ३० जुलै १९९१ ला वर्धेला महापूर आला आणि मोवाडमध्ये २०४ माणसं गेली. आपली वर्धा नदी मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यात मुलताईच्या भागात उगम पावते. तिकडं पाऊस झाला की पाणी इकडं येतं. नदी राज्याची सीमा पाहत नाही. म्हणून वरच्या भागात किती पाऊस पडला, धरणातून किती पाणी सोडलं, ही माहिती खालच्या गावापर्यंत वेळेत पोहोचणं हाच पहिला बंधारा.

दुसरी गोष्ट पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यातल्या माळीणची. तारीख पुन्हा ३० जुलै, वर्ष २०१४. सकाळी डोंगर खचला आणि गाव गाडलं गेलं. १५१ माणसं गेली. ही बातमी बाहेर कशी आली? एसटीचा चालक नेहमीसारखी गाडी घेऊन गेला, तर समोर गावच नव्हतं. त्यानं कळवलं तेव्हा जगाला कळलं.

तिसरी गोष्ट रायगड जिल्ह्यातल्या खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीची. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. वाडी गडाच्या पायथ्याशी, वरपर्यंत गाडीरस्ता नाही. मदत करणाऱ्यांना पावसात, अंधारात पायी चढून जावं लागलं. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं बेपत्ता राहिली. आणि सरकारनंच नंतर सांगितलं की, दरडीचा धोका असलेल्या गावांच्या यादीत इर्शाळवाडीचं नावच नव्हतं.

हे वाक्य आम्हाला फार दिवस टोचत राहिलं. यादीत नाव नसलं की तिथं कोणी आधी तपासायला येत नाही, सूचनेचा फलक लागत नाही, घरं हलवायचा विषयही निघत नाही. यादी केली म्हणजे डोंगर थांबतो असं नाही. पण यादीत नसलेल्या गावाची काळजी करणारं कोणी उरत नाही. आपल्याकडं डोंगर कमी, पण नाल्याकाठच्या वस्त्या आहेत, नदीकाठची गावं आहेत, वीज पडणारी मोकळी वावरं आहेत. आपली वस्ती कोणत्या यादीत आहे, हे आपण कधी विचारलं का?

आता दिलासा देणाऱ्या दोन गोष्टी. १२ जानेवारी २०१० ला हैती नावाच्या दूरच्या गरीब देशात मोठा भूकंप झाला. राजधानीचा नीट नकाशाच कोणाकडं नव्हता. तेव्हा उपग्रहाचे ताजे फोटो सगळ्यांसाठी खुले केले गेले आणि जगभरातल्या साध्या माणसांनी घरी बसून त्या फोटोंवरून रस्ते, पूल, तंबू एका खुल्या नकाशावर काढले. काही दिवसांत मदत करणाऱ्यांच्या हातात तो नकाशा होता. या खुल्या नकाशाचं नाव ओपनस्ट्रीटमॅप. २००४ मध्ये इंग्लंडात तो सुरू झाला. त्यावर कोणा एका कंपनीची मालकी नाही. ज्याला जे माहीत, ते तो त्यात घालतो.

दुसरी गोष्ट नेपाळची. २५ एप्रिल २०१५ ला तिथं भूकंप झाला. पण काठमांडूतल्या तरुण मुलामुलींनी त्याआधीच शाळा, दवाखाने, रस्ते याच नकाशावर घालून ठेवले होते. म्हणून संकटाच्या दिवशी कामाची सुरुवात शून्यापासून करावी लागली नाही. यातून घ्यायचं ते एवढंच, की पापड उन्हाळ्यातच करून ठेवायचे असतात. पाऊस सुरू झाल्यावर वाळवण घालता येत नाही.

आम्ही काय केलं?

त्या पावसाळी रात्रीनंतर आमच्या गटांनी मिळून ठरवलं की, आपल्या वस्तीचा नकाशा आपणच करायचा. सुरुवात फोननं केली नाही. समाज मंदिरासमोरचं अंगण झाडलं आणि रांगोळीनं नकाशा काढला. आधी मुख्य रस्ता, मग गल्ल्या. हातपंपाला निळी रांगोळी, अंगणवाडीला पिवळी, पाणी साचतं तिथं लाल. म्हाताऱ्या आजींना मुद्दाम बोलावलं. तरुण सुना म्हणाल्या, "इथं पाणी का साचतं कळत नाही." आजी काठी टेकत उठल्या आणि म्हणाल्या, "बाई, इथून नाला जायचा. आम्ही इथं कपडे धूत होतो." सगळ्या एकदम गप्प झाल्या.

मग आम्ही त्याचा माग काढला. एका वस्तीच्या मागं नाला खरंच होता का? जुन्या गावनकाशात नाले आणि पांदण रस्ते दाखवलेले असतात. हे नकाशे तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून रीतसर नक्कल फी भरून मिळतात. शिवाय राज्य सरकारचं महाभूनकाशा नावाचं संकेतस्थळ आहे. त्यावर जिल्हा, तालुका, गाव निवडलं की गट नंबराचा नकाशा घरबसल्या दिसतो. गटातल्या एका ताईच्या बारावीतल्या मुलीनं तो काढून दिला. जुन्या नकाशाची नक्कल आणि आजींचं बोलणं शेजारी ठेवून पाहिलं, तर दोन्ही जुळलं. नाला कोणी बुजवला, कधी बुजवला, हे भांडत बसलो नाही. अर्ज लिहिला, त्याला नकाशाची नक्कल जोडली, पाणी साचतं त्या जागांचे फोटो लावले, फोटोच्या मागं तारीख आणि ठिकाणाचे आकडे लिहिले.

आधी आम्ही नुसतं "आमच्याकडं पाणी शिरतं हो" म्हणायचो. तेव्हा उत्तर मिळायचं, "बघू." नकाशा समोर ठेवल्यावर "बघू" म्हणणं अवघड झालं. पाणी निघायचं काम आराखड्यात लिहून घेतलं आहे. काम अजून व्हायचं आहे. आम्ही दर महिन्याला विचारतो. खोटं कशाला सांगावं, नकाशानं नाला एका दिवसात मोकळा झाला नाही. पण आमचं म्हणणं आता तोंडी राहिलं नाही, ते कागदावर आलं.

खुल्या नकाशावर काय घालायचं?

रांगोळीचा नकाशा वाऱ्यानं उडतो, म्हणून आधी त्याचा फोटो काढा आणि मग कोऱ्या कागदावर उतरवा. त्यानंतर फोनवाल्या दोन-तीन ताई किंवा शिकलेल्या मुली घेऊन गल्लीतून फेरी मारा. हातपंप, सार्वजनिक विहीर, अंगणवाडी, शाळा, दवाखाना, पूल, मोरी, पांदण रस्ता, पाण्याखाली जाणारा रस्ता, पावसाळ्यात थांबता येईल अशी पक्की उंच इमारत, यांची नोंद करा. ही ठिकाणं ओपनस्ट्रीटमॅपवर फुकट घालता येतात. त्यासाठी फोनमध्ये ऑर्गॅनिक मॅप्स, स्ट्रीटकंप्लीट अशी साधी अॅप्स आहेत. ऑर्गॅनिक मॅप्सचा एक फायदा असा, की आपल्या भागाचा नकाशा एकदा उतरवून घेतला की नेट नसतानाही दिसतो. वादळात, पुरात पहिलं काय जातं? लाईट आणि नेट. म्हणून हे महत्त्वाचं.

दोन नियम लक्षात ठेवा. जे स्वतः पाहिलं तेच घालायचं. ऐकीव माहिती नको, आणि एखाद्या कंपनीच्या नकाशावरून उतरवूनही घालायचं नाही. दुसरा नियम असा, की चुकलं तर लाजायचं नाही, दुरुस्त करायचं. चुकीचा पूल दाखवणारा नकाशा हा नकाशा नसण्यापेक्षा वाईट.

पावसाचा आकडाही आपलाच

शेतकरी तायांसाठी ही गोष्ट फार कामाची. पावसाची नोंद महसूल मंडळानुसार होते. २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला तर त्या मंडळात अतिवृष्टी धरतात, आणि पीक नुकसानीच्या मदतीचा विषय बऱ्याचदा या आकड्यावर अडतो. ६५ मिलिमीटर म्हणजे किती? एका एकरात सुमारे २ लाख ६३ हजार लिटर पाणी. सोयाबीन त्यात उभं राहील का, तुम्हीच सांगा.

हा आकडा गुपित नाही. कृषी विभागाच्या महारेन या संकेतस्थळावर मंडळनिहाय पाऊस रोज पाहता येतो. आपलं मंडळ कोणतं, तिथलं पर्जन्यमापक कोणत्या गावात आहे, हे आधी तलाठ्याकडून किंवा कृषी सहायकाकडून समजून घ्या. कारण कधी कधी मापक असलेल्या गावात पाऊस कमी आणि आपल्या शिवारात ढगफुटी, असं होतं. अशा वेळी आपल्याजवळ आपली नोंद हवी. एक उभ्या सरळ भिंतीचा, वरखाली सारख्या रुंदीचा डबा मोकळ्या जागी, झाडापासून आणि छपरापासून दूर ठेवा. रोज सकाळी ठरलेल्या वेळी मुलांच्या पट्टीनं आतल्या पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजा, वहीत लिहा आणि डबा रिकामा करा. ही सरकारी नोंद नव्हे, त्यावर मदत मिळेलच असं नाही. पण पंचनाम्यासाठी अर्ज करताना तारीखवार वही आणि वावराचे फोटो जवळ असले की बोलण्याला वजन येतं.

विजेचंही तसंच. निंदणाला, डवरणीला, कापूस वेचायला वावरात आपणच असतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं दामिनी नावाचं अॅप केलं आहे. आपण उभे आहोत त्या ठिकाणापासून २० ते ४० किलोमीटरच्या आत वीज पडत असेल तर ते सावध करतं. वावरात जाणाऱ्या टोळीत एकीच्या तरी फोनमध्ये ते असू द्या. इशारा आला की झाडाखाली जायचं नाही, पक्क्या घरात जायचं. घर जवळ नसेल तर एकमेकींपासून दूर होऊन, पाय जुळवून, खाली वाकून बसायचं. आडवं पडायचं नाही.

काय खुलं करायचं नाही?

आता आमची एक चूक सांगतो. नकाशाच्या उत्साहात आम्ही वस्तीत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बायांची, गरोदर सुनांची, अपंग मुलांची घरं शोधली आणि नावासकट लोकेशनची यादी गावाच्या मोठ्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली. हेतू चांगला होता. संकटात आधी यांना बाहेर काढता यावं. पण संध्याकाळी एक आजी आल्या आणि म्हणाल्या, "मी एकटी राहते हे आता साऱ्या गावाला कळलं. चोराला पण कळलं." आम्हाला उत्तर सुचलं नाही. यादी काढून टाकली, पण ग्रुपवर गेलेलं पूर्ण परत येतं का? आजींची हात जोडून माफी मागितली.

तेव्हापासून आम्ही एक रेघ आखली आहे. जागेची माहिती खुली, माणसाची माहिती झाकलेली. हातपंप, रस्ता, नाला, शाळा, निवारा हे सगळ्यांसाठी. कोण एकटी राहते, कोण गरोदर आहे, कोणाला कोणता आजार आहे, कोणाचं घर कर्जात आहे, हे गटाच्या वहीत. ती वही दोन जबाबदार तायांकडं. आशाताई आणि अंगणवाडी ताईंशी बोलून, आणि ज्यांची नावं आहेत त्यांना विचारूनच. देशात २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला आहे. पण कायद्याआधी आपली माणुसकी. लेकीबाळींच्या शाळेत जायच्या वाटा, वेळा, त्यांचे फोटो ठिकाणासकट टाकू नका. घरच्या कोणालाही तुमचं लाइव्ह लोकेशन सतत पाहायचा हक्क आहे असंही समजू नका. लोकेशन पाठवणं हे मदतीसाठी आहे, पहाऱ्यासाठी नाही.

पुढच्या बैठकीत करायच्या गोष्टी

पहिली गोष्ट, प्रत्येक सदस्येनं आपल्या घराचं लोकेशन पाठवायला शिकायचं. फोन नसेल तर घरातल्या मुलानं किंवा शेजारणीनं शिकायचं. घराच्या खुणा नीट दोन ओळींत लिहून दाराच्या आत चिकटवायच्या, म्हणजे घाबरल्यावरही वाचून सांगता येतील. त्याच कागदावर तीन नंबर लिहा: रुग्णवाहिकेसाठी १०८, कोणत्याही तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७.

दुसरी गोष्ट, रांगोळीचा नकाशा. एक दुपार पुरते. आजींना विसरू नका.

तिसरी गोष्ट, ग्रामपंचायतीत जाऊन विचारायचं, "आपल्या गावाचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा आहे का? त्यात आमच्या वस्तीचं नाव आहे का? निवारा कोणता ठरवला आहे?" देशात २००५ पासून आपत्ती व्यवस्थापन कायदा आहे. त्यामुळं हे विचारणं म्हणजे आगाऊपणा नाही. तोंडी उत्तर मिळालं नाही तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज आहेच, तोही २००५ च्याच कायद्याचा.

चौथी गोष्ट, ग्रामसभेच्या आधी महिला सभा होते. तिथं हा नकाशा भिंतीवर लावायचा. कोणत्या मोरीचं काम आधी, कोणता रस्ता आधी उंच करायचा, हे बोट ठेवून दाखवायचं. तिथं ठरलेलं ग्रामसभेत मांडायचं आणि इतिवृत्तात लिहून घ्यायचं.

पाचवी गोष्ट, वर्षातून एकदा, मे महिन्यात, नकाशा पुन्हा तपासायचा. नवं घर झालं, हातपंप बंद पडला, पूल खचला, तर बदल करायचा. जुना नकाशा हा जुन्या दुधासारखा. दिसायला पांढराच, पण तापवल्यावर कळतं.

शेवटी एकच सांगतो. त्या पावसाळी रात्री जन्मलेलं बाळ आता रांगायला लागलं आहे. त्याच्या आजी परवा बैठकीत म्हणाल्या, "आता नातवाला दवाखान्यात न्यायचं झालं तर मी पिंपळ-बिंपळ सांगणार नाही, लोकेशनच पाठवते." सगळ्या हसल्या. मग त्याच पुढं म्हणाल्या, "पण तो पाण्याखालचा रस्ता नकाशात लाल केला ना ग? दुसऱ्या कोणाची सून असेल." तो रस्ता लाल झाला आहे, तायांनो. तुमच्या गल्लीतला लाल रस्ता कोणता, तो तुम्हालाच माहीत आहे. पाऊस यायच्या आधी तो कागदावर येऊ द्या.